इंजिनावर अर्धंच नाव का? (रेल्वे कंपन्यांचं लग्न आणि सरकारची आडकाठी)

बँकर_इंजिन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी शिकागोच्या पश्चिमेला एका शाळेच्या जिममध्ये मॉडेल ट्रेनची जत्रा होती. मुलाला दाखवायला म्हणून गेलो आणि नेहमीप्रमाणे मीच तीन तास रमलो. एका आजोबांच्या टेबलाखालच्या खोक्यात वीस डॉलरला एक डिझेल इंजिन मिळालं. लाल-पिवळं, छत काळं. अंगावर मोठ्या अक्षरांत एस आणि पी, आणि त्यापुढे नुसती मोकळी जागा. आधी वाटलं पुढची अक्षरं खरवडली गेलीत. बोट फिरवून पाहिलं तर रंग गुळगुळीत.

आजोबांना विचारलं तर म्हणाले, "खरं इंजिनही असंच होतं. रंग आधी लावला आणि परवानगी नंतर मागितली." आणि खो खो हसले.

घरी येऊन वाचलं. १९८३ च्या डिसेंबरात सांता फे आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वेंच्या मूळ कंपन्या एक झाल्या. रेल्वे मात्र सरकारी मंजुरीशिवाय एक करता येत नव्हत्या. मंजुरी येणारच अशी खात्री असल्याने शेकडो इंजिनं नव्या रंगात रंगवली. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनावर 'एसपी' आणि पुढे जागा, सांता फेच्या इंजिनावर आधी जागा आणि मग 'एसएफ'. मंजुरी आली की उरलेली अक्षरं भरायची आणि 'एसपीएसएफ' पूर्ण करायचं. २४ जुलै १९८६ ला आयसीसीने (इंटरस्टेट कॉमर्स कमिशन, रेल्वेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ४ विरुद्ध १ मतांनी नकार दिला. जागा मोकळीच राहिली.

माझा प्रश्न साधा आहे. दोन्ही कंपन्या खासगी, दोघी राजी, शेअरहोल्डर राजी. सरकारने मध्ये का पडावं? आता युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या रेल्वेंच्या विलीनीकरणाचं ८५ अब्ज डॉलरचं प्रकरण चालू आहे, तिथेही तेच. इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

मिरचीभजी

आयसीसीने नकार दिला? डकवर्थ-लुईस लावलं का? (हलके घ्या)

शरयू_के

मिरचीभजी :)) मलाही क्रिकेटचंच आठवलं. वाचतेय. बँकरदादा, इंजिनाचा फोटो टाका की.

बाजारबुणगा

धागाकर्त्याशी बाय डिफॉल्ट सहमत. सरकारने पडूच नये.

अमेरिकेत मालगाडी हा ट्रकशी टक्कर देणारा धंदा आहे. पूर्वेच्या कंपन्या वेगळ्या, पश्चिमेच्या वेगळ्या. लॉस एंजेलिसहून निघालेला कंटेनर दोन दिवसांत शिकागोला येतो आणि मग एका कंपनीच्या यार्डातून दुसरीच्या यार्डात जायला दिवस-सव्वा दिवस घालवतो, ही तिथली फार जुनी तक्रार आहे. एकच मालक असता तर गाडी सरळ पुढे गेली असती. ट्रकवाला शिकागोत थांबून मालक बदलतो का? सरकारी बाबूंना रूळ म्हणजे काय ते कळत नाही, पण स्पर्धा, स्पर्धा करत बसायचं.

इतिहासाचा_कीडा

बाबूंचं सोडा, याची सुरुवात खुद्द राष्ट्राध्यक्षांनी केली होती.

१९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन आणि जेम्स हिल यांनी नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची कंपनी काढली. ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिक या दोन रेल्वे मिनेसोटापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जवळजवळ समांतर धावायच्या. दोन्ही, आणि त्यांच्या ताब्यातली शिकागोकडे जाणारी बर्लिंग्टन, एका छत्राखाली. थिओडोर रूझवेल्ट नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी खटला भरायला लावला. मॉर्गन भेटायला गेला आणि 'काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, मिटवून टाकतील' अशा अर्थाचं बोलला म्हणतात. म्हणजे आपल्याकडे पाटील वाड्यावर बोलावतो तसं. रूझवेल्ट वाड्यावर गेले नाहीत. १९०४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनी मोडायला लावली.

गंमत पुढे आहे. त्याच रेल्वे २ मार्च १९७० ला एक झाल्या आणि बर्लिंग्टन नॉर्दर्न जन्माला आली. तेव्हाही न्याय खातं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं, पण कोर्टाने आयसीसीची मंजुरी उचलून धरली. मधल्या काळात हायवे आणि ट्रक आले होते.

बाजारबुणगा

मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की! ६६ वर्षं थांबवून काय मिळवलं?

इतिहासाचा_कीडा

६६ वर्षं दोन रेल्वे वेगळ्या राहिल्या, हे मिळवलं. वॉशिंग्टन राज्यातल्या गव्हाच्या शेतकऱ्याला विचारा.

आणि जिथे एकत्र येऊ दिलं तिथेही सगळा आनंद नाही. पेन सेंट्रल बघा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल, दोन हाडवैरी, १ फेब्रुवारी १९६८ ला एक झाल्या. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात, वाघिणी कुठल्या यार्डात गेल्या ते सापडेना. जून १९७० मध्ये दिवाळं. अडीच वर्षंसुद्धा नाहीत.

मिरचीभजी

वाघिणी सापडेनात? वनखात्याला कळवायचं.

नीलाक्षी_टी

मिरचीभजी, हसा. माझी एक वाघीण १९ दिवस सापडत नव्हती.

मी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात कच्च्या मालाची खरेदी बघते. राज्य आणि रेल्वेचं नाव राहू दे, पोट त्यांच्यावर आहे. आमच्याकडे पॉलिथिलीनचे दाणे येतात, साबुदाण्यापेक्षा जरा मोठे, पांढरे. हॉपर वाघिणीत येतात. एका वाघिणीत साधारण चार ट्रकांचा माल. कारखान्याच्या मागे आमची साइडिंग आहे, सहा वाघिणी मावतात. पोटाखालच्या दारांना पाइप जोडून पंपाने दाणे सायलोत खेचतात. शेवटचे दाणे कोपऱ्यात अडकतात, मग आमचा एक दादा रबरी हातोडा घेऊन पोटावर धपाधप मारतो. आवाजावरून तो सांगतो, रिकामी झाली की नाही. टरबूज वाजवून बघतात तसं.

तर साइडिंगला येणारे रूळ एकाच कंपनीचे आहेत. दुसरी रेल्वे बारा मैलांवरून जाते. दिसते, ऐकू येते, पण उपयोग नाही. पूर्वी आमच्याकडे आठवड्यातून पाच दिवस इंजिन यायचं. एके दिवशी पत्र आलं, आता तीन दिवस येईल. विचारणा नाही, चर्चा नाही. दर मात्र तोच, मग वाढला. ती १९ दिवसांची वाघीण दोनदा आमच्या गावावरून पुढे गेली, कुठल्याशा यार्डात उलट फिरून पुन्हा पुढे गेली. मी स्क्रीनवर बघत होते, आत्ता येईल, आत्ता येईल. शेवटी चार ट्रक भाड्याने आणले, दुप्पट पैसे देऊन. तक्रार करायला सरकारी बोर्ड आहे, पण तिथे केस लढायची तर वकील, अर्थतज्ज्ञ, वर्षंच्या वर्षं. आमच्या कारखान्याला ते झेपत नाही.

बाजारबुणगा, तुम्ही म्हणता ट्रक आहेच की. रोज चार वाघिणी म्हणजे सोळा ट्रक. दारातच वाहतूक पोलीस बसवावा लागेल.

बाजारबुणगा

नीलाक्षीताई, तुमचा त्रास खरा आहे, मान्य. पण तुमच्याकडे आत्ताही एकच रेल्वे आहे. विलीनीकरण झालं न झालं, तुम्हाला फरक काय?

नीलाक्षी_टी

फरक आहे. माझे दाणे गल्फच्या किनाऱ्यावरून निघतात. तिथल्या प्लांटला दोन रेल्वे आहेत. तिथून निम्म्या वाटेवर मला दोन भाव मिळतात. ती निम्मी वाटही एकाच्याच हातात गेली तर मला एकच भाव. हा फरक.

शरयू_के

मला बाळबोध प्रश्न विचारायचाय. कीडा म्हणतात समांतर, बाजारबुणगा म्हणतात सरळ पुढे. दोन्ही विलीनीकरणंच ना? मग वेगळी का?

कायद्याचा_कंटाळा

शरयू, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. सगळं भांडण त्यावरच आहे.

समजा एक ट्रॅव्हल्सवाला पुणे-नाशिक चालवतो आणि दुसरा नाशिक-धुळे. ते एक झाले तर नाशिकला बस बदलायचा त्रास वाचला. आता समजा पुणे-नाशिक मार्गावर दोनच ट्रॅव्हल्सवाले आहेत आणि ते दोघे एक झाले. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिकीट काय भावाने मिळेल?

सांता फे आणि सदर्न पॅसिफिक हे दुसऱ्या प्रकारचं होतं. कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जायच्या दक्षिणेच्या वाटेवर या दोघीच तगड्या. म्हणून न्याय खात्याने विरोध केला आणि आयसीसीनेही नकार दिला. १९८७ मध्ये फेरविचाराचा अर्जही फेटाळला. वर दोनपैकी एक रेल्वे विका असा हुकूम.

आता बँकरदादांच्या मूळ प्रश्नातली एक गोष्ट. आपण 'सरकार' म्हणतो, पण तिथे सरकार एक नाही. इतर धंद्यांत न्याय खातं थेट कोर्टात जाऊन सौदा अडवू शकतं. रेल्वेत न्याय खात्याने फक्त मत द्यायचं, निर्णय आधी आयसीसीचा, आणि १ जानेवारी १९९६ पासून सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाचा. सगळे त्याला एसटीबी म्हणतात. एसटीबीने हो म्हटलं की स्पर्धा कायद्याखाली न्याय खात्याला तो सौदा अडवता येत नाही. १९९६ मध्ये तेच झालं. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक एक होणार होत्या, न्याय खात्याने कडाडून विरोध केला, एसटीबीने ३-० ने मंजुरी दिली.

मिरचीभजी

एसटी बोर्ड? लाल डबा? मग कळलं उशीर का होतो.

अण्णा_उरणकर

एसटीला नावं ठेवू नका हो. पावसात घाटात अजून तीच येते.

मी न्हावाशेवाला कस्टम हाउस एजंटचं काम करतो, तीस वर्षं झाली. हे वाचून एक सांगावंसं वाटलं. आपल्याकडे रूळ, सिग्नल, ड्रायव्हर सगळं एकाच मालकाचं. २००६ पर्यंत रेल्वेने कंटेनर पाठवायचा म्हटला की एकच सरकारी कंपनी, कॉन्कॉर. नंतर खासगी कंटेनर गाड्यांना परवाने दिले. पण ते वाघिणी आणतात, ओढणारं इंजिन रेल्वेचं, रुळाचं भाडं रेल्वे ठरवणार. म्हणजे एकाच घरमालकाकडे दहा भाडेकरू.

अमेरिकेत उलटं दिसतंय. प्रत्येकाचे रूळ स्वतःचे. म्हणून दोन कंपन्या एक झाल्या की रस्ताच एकाचा होतो. विमान कंपन्या एक झाल्या तर आकाश कुणाचं होत नाही.

कायद्याचा_कंटाळा

अण्णा, शेवटचं वाक्य मी ढापणार आहे.

इतिहासाचा_कीडा

अण्णांवरून आठवलं. इंग्रजांच्या काळी मुंबईहून दिल्लीला जायला जीआयपी रेल्वे मनमाड-इटारसीवरून, बीबीसीआय रेल्वे बडोदा-रतलाम-कोट्यावरून. अगदी सांता फे-सदर्न पॅसिफिकसारखी जोडी. ५ नोव्हेंबर १९५१ ला एक मध्य रेल्वे झाली, एक पश्चिम. मालक एकच, सरकार. तिथे कुणाला परवानगी मागावी लागली नाही.

कोकणी_खेकडा

अवांतर: विलीनीकरणाचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोकण रेल्वेचं काय? भारतीय रेल्वेत विलीन करायची म्हणून राज्यांची संमती मागितली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिली, पण 'कोकण रेल्वे' हेच नाव राहावं अशी अट घातली. इथे दर वाढतील ही भीती नाही, नाव पुसलं जाईल ही भीती. माझे काका म्हणतात, वेर्ण्याला जाणाऱ्या रो-रोवर ट्रक चढवून झोपायची सवय लागलीय, इंजिनावर काहीही लिहा.

बँकर_इंजिन

खेकडाभाऊ, मुद्दा नावाशीच आला बघा. :)

अमेरिकेतल्या रेल्वे शौकिनांनी तेव्हा 'एसपीएसएफ'चा अर्थ लावला होता: 'शुडन्ट पेंट सो फास्ट', म्हणजे एवढ्या घाईने रंगवायला नको होतं. आणि लाल-पिवळ्या रंगामुळे त्या इंजिनांना कोडाक्रोम म्हणत, फिल्मच्या डबीसारखी दिसत म्हणून.

शरयू, फोटो उद्या टाकतो. कंटाळासाहेब, एक कळलं नाही. मंजुरी नव्हती तर १९८३ मध्ये कंपन्या एक कशा झाल्या?

कायद्याचा_कंटाळा

त्याला व्होटिंग ट्रस्ट म्हणतात. आपल्या भाषेत सांगतो.

तुम्ही सोसायटीत फ्लॅट घेतला. पैसे देऊन टाकले, विकणारा पैसे घेऊन गावी गेला. पण सोसायटीची एनओसी यायची आहे, म्हणून किल्ली एका तिऱ्हाइताकडे. एनओसी आली तर किल्ली तुमची. नाही आली तर फ्लॅट तुम्हीच विकून टाकायचा, आणि विकायलाच लागणार हे गावभर माहीत. भाव काय येणार?

सदर्न पॅसिफिकचं तेच झालं. पाच वर्षं ती तिऱ्हाइताकडे, म्हणजे ट्रस्टमध्ये. १९८८ मध्ये डेन्व्हरच्या रिओ ग्रँडवाल्यांनी सुमारे एक अब्ज डॉलर रोख देऊन आणि तिचं कर्ज डोक्यावर घेऊन नेली.

म्हणून हल्ली सरकारचं भांडण फ्लॅटपर्यंत पोचतच नाही, किल्लीवरच होतं. २०१५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्नला मागणी घातली. हंटर हॅरिसन तेव्हा कॅनेडियन पॅसिफिकचे प्रमुख. त्यांना ट्रस्टवाटे आधी कंपनी ताब्यात आणायची होती. ८ एप्रिल २०१६ ला न्याय खात्याने एसटीबीला कळवलं की हा ट्रस्ट नको. तीन दिवसांत कॅनेडियन पॅसिफिकने गाशा गुंडाळला. निकाल नाही, सुनावणी नाही.

२०२१ मध्ये कॅन्सस सिटी सदर्नवर दोन्ही कॅनेडियन कंपन्या तुटून पडल्या. कॅनेडियन पॅसिफिकने आधी बोलणी पक्की केली, मग कॅनेडियन नॅशनलने ३३ अब्जांहून जास्त बोली लावून मुलगी पळवली. ३१ ऑगस्टला एसटीबीने ५-० ने कॅनेडियन नॅशनलचा ट्रस्ट नाकारला. मुलगी परत पहिल्याकडे, ३१ अब्जांना.

मिरचीभजी

आणि आहेर?

कायद्याचा_कंटाळा

विचारलंत ते बरं केलंत. कॅनेडियन नॅशनलला सौदा मोडल्याबद्दल आणि तिने आधी भरलेल्या रकमेच्या परतफेडीपोटी मिळून १.४ अब्ज डॉलर मिळाले. लग्न न करता.

शरयू_के

हे बरंय!! पण दोघीही कॅनडाच्याच ना? एकीला हो, एकीला नाही असं कसं?

ओमाहाकर

शरयूताई, याला पुणे-नाशिकचंच गणित. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न फक्त कॅन्सस सिटीत भेटायच्या, पुढे एक उत्तरेला, एक दक्षिणेला मेक्सिकोपर्यंत. कॅनेडियन नॅशनल मात्र न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाते. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स दोघींचे रूळ शेजारी. तो तुकडा विकतो म्हणाले होते, पण नियमही वेगळे लागले. २००१ मध्ये एसटीबीने नियम कडक केले: मोठ्या विलीनीकरणाने स्पर्धा नुसती टिकून चालणार नाही, वाढली पाहिजे. कॅन्सस सिटी सदर्न सगळ्यात लहान म्हणून तिला जुन्या नियमांची सूट होती. पहिल्या सौद्याला ती मिळाली, कॅनेडियन नॅशनलला नाही.

हे नियम का आले तेही सांगतो. सदर्न पॅसिफिक गिळल्यावर १९९७ मध्ये युनियन पॅसिफिकला ह्यूस्टनच्या आसपास अपचन झालं. यार्ड भरली, गाड्या बाहेर रांगेत, माणसं कमी. ३१ ऑक्टोबर १९९७ ला एसटीबीला आणीबाणीचा हुकूम काढावा लागला. १९९९ मध्ये कॉनरेल या रेल्वेचे दोन तुकडे सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्नने वाटून घेतले, पूर्वेला पुन्हा गोंधळ. त्याच डिसेंबरात बीएनएसएफ (बर्लिंग्टन नॉर्दर्न आणि सांता फे मिळून झालेली) आणि कॅनेडियन नॅशनलने एक होतो म्हणून जाहीर केलं. एसटीबीने मार्च २००० मध्ये हात जोडले: पंधरा महिने कुणीही अर्ज आणायचा नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, कोर्टाने बोर्डाची बाजू घेतली, सौदा मोडला.

१९८० च्या सुमारास तीस-चाळीस मोठ्या रेल्वे होत्या, आज सहा.

बाजारबुणगा

ओमाहात राहून हे सगळं लिहिताय? युनियन पॅसिफिकचं मुख्यालय तिथेच ना?

ओमाहाकर

तिथेच. मी कुठे काम करतो ते विचारू नका, जवळच्यांना माहीत आहे.

गावाची गंमत सांगतो. नवरदेवाचं मुख्यालय ओमाहात. ज्या बीएनएसएफने या लग्नाला उघड हरकत घेतलीय, तिचे मालक बर्कशायर, ते पण ओमाहात. वरात आणि हरकत दोन्ही एकाच गल्लीतून निघणार. किराणा दुकानात कोण कोणासमोर काय बोलतंय यावर बायको लक्ष ठेवून असते.

आणि युनियन पॅसिफिक-नॉरफोक सदर्नचा हा अर्ज २००१ च्या कडक नियमांखालचा पहिला. २९ जुलै २०२५ ला घोषणा, १९ डिसेंबरला हजारो पानांचा अर्ज. १६ जानेवारी २०२६ ला एसटीबीने परत केला. नाकारला नाही, अपुरा म्हणून परत. विलीनीकरणानंतर बाजारात कुणाचा वाटा किती राहील याचे आकडे पुरेसे नाहीत, आणि करारातली काही कागदं जोडलेली नाहीत.

अण्णा_उरणकर

म्हणजे तहसीलमध्ये होतं तसंच! "सात-बारा जोडलेला नाही, पुढच्या सोमवारी या."

मिरचीभजी

झेरॉक्सवर स्वयंसाक्षांकन केलं नसणार.

राजकारण_नको_म्हणणारा

पण राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तर या सौद्याला अनुकूल बोललेत. ऑगस्ट २०२५ मध्ये एसटीबीच्या एका सदस्याला काढलं सुद्धा. मग बोर्ड कितीसं स्वतंत्र

संपादक

हा धागा रेल्वेचा राहू द्या. काश्मीर होऊ देऊ नका.

राजकारण_नको_म्हणणारा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

बाजारबुणगा

ठीक आहे, मी थोडा मागे येतो. समांतर विलीनीकरण वाईट, मान्य. पण युनियन पॅसिफिक पश्चिमेत, नॉरफोक सदर्न पूर्वेत. हे पुणे-नाशिक आणि नाशिक-धुळे. याला हरकत का?

शिवाय १९८६ च्या नकाराचं मला अजूनही पटलेलं नाही. सदर्न पॅसिफिक आधीच अशक्त होती. पाच वर्षं लोंबकळत ठेवली, आणि १९९६ मध्ये ती शेवटी युनियन पॅसिफिकच्या पोटात गेलीच. नकाराने दहा वर्षांचा वनवास दिला, एवढंच.

नीलाक्षी_टी

नाशिक-धुळ्याबद्दल सांगते. नाशिकला आज चार बस उभ्या असतात. पुण्याहून येणारा कुणीही धुळ्याच्या कुठल्याही बसमध्ये बसू शकतो. पुणेवाला आणि एक धुळेवाला एक झाले, की पुण्याच्या बसमधून उतरणाऱ्याला आपल्याच धुळ्याच्या बसमध्ये ढकलणार. बाकीचे धुळेवाले किती दिवस टिकतील? मग उरलेलेही एकमेकांत लग्नं लावणार. सहाचे पाच होत नाहीत, सहाचे हळूहळू दोन होतात. आणि माझ्या साइडिंगला तेच एक इंजिन, आठवड्यातून कदाचित दोनदा.

तुमचं शिकागोचं म्हणणं मात्र खरं आहे. माझी वाघीणही तिथे लोळत पडलेली मी पाहिलीय.

इतिहासाचा_कीडा

१९८६ बद्दल: नकार मिळाल्यावर सांता फेने काय केलं बघा. १९९५ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्नशी जमवलं, आणि ते बरंचसं टोकाला टोक होतं. १९९६ नंतर पश्चिमेत दोन मोठ्या रेल्वे उरल्या, बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक. म्हणजे कॅलिफोर्नियाहून निघणाऱ्याला आजही दोन भाव मिळतात. १९८६ ला हो म्हटलं असतं तर दक्षिणेची वाट तेव्हाच एकाची झाली असती. वनवास सदर्न पॅसिफिकला झाला, खरं आहे. माल पाठवणाऱ्याला झाला नाही.

बाजारबुणगा

हम्म. 'दोन भाव' हे तुमचं तुणतुणं झालंय. पण यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. उद्या लिहितो.

शरयू_के

बाजारबुणगा नि:शब्द! धाग्याची नोंद घ्यावी.

बँकरदादा, फोटो??

बँकर_इंजिन

टाकला, शरयू. खिडकीजवळ ठेवून काढलाय. मोकळ्या जागेवर उजेड पडलाय बघा.

सगळ्यांचे आभार. मी विचारलं होतं सरकारने मध्ये का पडावं. नीलाक्षीताईंची साइडिंग वाचल्यावर तो प्रश्न मला तसाच विचारवेना. बाजारबुणगांनी उद्या उत्तर लिहिलं तर मात्र आवडेल, कारण शिकागोच्या यार्डांशेजारी मी रोज फाटकात अडकतो.

मुलाचा वेगळाच हट्ट आहे. हौशी दुकानात अक्षरांचे स्टिकर मिळतात, तो म्हणतो 'एसएफ' चिकटवून पूर्ण करूया. काल रात्री तो स्टिकर पाण्यात भिजवून बसला होता. मी आणि आजोबांचं वीस डॉलरचं इंजिन दोघेही घाबरलो. सध्या इंजिन कपाटाच्या वरच्या फळीवर.

जर्सीचा_गार्ड

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. माझ्याकडे सांता फेचं आहे! तोच लाल-पिवळा रंग, डावीकडे मोकळी जागा, उजवीकडे 'एसएफ'. बारा वर्षांपूर्वी घेतलं. बायको म्हणते अर्धवट रंगवलेलं का आणलंस.

बँकर, मेमोरियल डेला मी शिकागोला येतोय बहिणीकडे. घेऊन येऊ? एकामागे एक लावू, पूर्ण नाव होईल.

मिरचीभजी

एसटीबीची परवानगी काढलीत का?

बँकर_इंजिन

गार्डसाहेब, घेऊनच या! मुलगा आत्तापासून रूळ मांडतोय. कपलर (जोडायचा आकडा) कुठला आहे तुमच्या इंजिनाला?

जर्सीचा_गार्ड

नकल (knuckle). खऱ्या गाडीसारखा.

बँकर_इंजिन

माझा जुना हॉर्न-हुक. एकमेकांत बसणार नाहीत.

जर्सीचा_गार्ड

मग येताना एक जादा नकल कपलर आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणतो. पोहे करा.